गुरुजींच्या भिंतीतल्या चार विटा

१

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी माणिकराव गुरुजींच्या ओसरीवरच्या निळ्या टबात डोकावले आणि परत एकदा वाकून बघितलं.

आदल्या दिवशी दुपारी त्या टबात चार सबंध विटा बुडवल्या होत्या. गुरुजींच्या घराच्या चार भिंतींतून छिन्नीनं एकेक काढलेल्या. आता तिथं विटा नव्हत्याच. लाल गाळ होता, तुकडे होते आणि त्या तुकड्यांत फुगून वर आलेले पांढरे खडे होते, साबुदाण्याएवढे.

"चारही फुटल्या," रविराज साहेब म्हणाले. हे विमा कंपनीचे सर्व्हेयर. लातूरहून आलेले, तिशीचे, खिशाला दोन पेनं आणि डोक्यात नियमांची अख्खी वही. "मनकर्णाताई, मला वाईट वाटतं, पण हे घर कंपनीला घेता येणार नाही. संध्याकाळी पाचला मी अहवाल पाठवतो."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. त्यांची बायको पारूबाई हातात कणकेची परात घेऊन दारात उभी होती. 

आता माझी ओळख करून देते, कारण दुसरं कुणी करून देणार नाही. मी मनकर्णा. केजमध्ये एकोणीस वर्षं विम्याची एजंट आहे. माझी स्कूटी दिसली की लोक आधी दार लावतात आणि मग लाजून खिडकीतून चहाचं विचारतात. मी चहाही घेते आणि सहीसुद्धा घेते.

केजच्या धारूर रस्त्याला नवजीवन कॉलनी आहे, नऊ घरांची. तीन वर्षांमागं एकाच उन्हाळ्यात, एकाच भट्टीच्या विटांनी ती बांधली गेली. त्या भट्टीच्या मातीत चुनखडीचे खडे होते. असा खडा विटेबरोबर भाजला जातो आणि नंतर ओल लागली की फुगतो, वीट फोडतो, गिलावा उडवतो. आठ घरांच्या भिंतींना तर देवी निघाल्यासारखे फोड आलेत. त्या घरांना कुठलीच कंपनी विम्यासाठी उभं करत नाही. नववं घर गुरुजींचं. त्याच भट्टीच्या विटा, पण भिंत अशी गुळगुळीत की हात फिरवावा. म्हणून तर मी सहा महिने कंपनीच्या मागं लागून सर्व्हेयर आणवला होता.

आणि हे नुसतं घर नव्हतं. गुरुजी नि पारूबाई तिथं अठरा मुली सांभाळतात. दिवाळी झाली की ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात, अशा मुली. यंदा वसतिगृहाच्या परवानगीला नवी अट आली होती, इमारतीचा विमा पाहिजे. ट्रक बुधवारी सकाळी निघणार होते. तोवर कागद आला नाही तर मुलींना आईबापांबरोबर फडात जावं लागणार होतं. त्यांतली राजनंदिनी दहावीला होती. तिच्या बापानं मला स्पष्ट सांगितलं होतं, "ताई, कागद आला तर ठेवतो. न्हाई तर संगं नेतो. उद्या काय झालं तर मी कुणाला इचारू?"

बापाचं चुकत नव्हतं. पण दहावीची पोर फडात नेऊन तिथं तिच्याकडून काय करून घेणार होते, ते मला ठाऊक होतं. कोयता चालवून घेणार होते.

मी टबात हात घातला.

२

"ताई, हात घाण होतील," रविराज साहेब म्हणाले.

"एजंटचे हात आहेत, सवय आहे त्यांना."

गाळातून मी मोठे तुकडे वेचून ओसरीवर मांडले. प्रत्येक विटेवर भट्टीवाला आपला छाप उठवतो, एक खोलगट खाच असते आणि त्यात अक्षर. चार तुकड्यांवर ती खाच शाबूत होती. आत 'बं' असं स्वच्छ अक्षर. बंकटची भट्टी.

मी ते अक्षर बघत राहिले. बोट फिरवलं. मग गुरुजींच्या मागच्या भिंतीशी गेले, जिथून काल वीट काढली होती. त्या भोकात शेजारच्या विटांच्या कडा दिसत होत्या आणि दोन विटांच्या मध्ये सिमेंटचा जाड थर.

"साहेब, वीट लावताना खाच वर असते की खाली?"

"वर."

"मग सिमेंटचा माल टाकला की तो कुठं जातो?"

"खाचेत भरतो. त्यानंच तर पकड..." साहेब थांबले. त्यांनी माझ्या हातातला तुकडा घेतला, उजेडात धरला. 'बं' च्या गोलात, टिंबात, कुठंही सिमेंटचा कण नव्हता.

"भिंतीतली वीट आहे ही?" मी विचारलं.

साहेबांनी चारही तुकडे पाहिले. मग टबातला गाळ चाळून पाहिला. त्यात सिमेंटचा एक खपलासुद्धा निघाला नाही. त्यांचे कान लाल झाले. माणूस नियमाचा होता, पण लबाड नव्हता.

"या विटा भिंतीत कधी लागल्याच नाहीत," ते हळू आवाजात म्हणाले. "कुणीतरी बदलल्या."

"मग भिंतीतून नव्या चार काढा."

"नमुना एकदाच, ताई. पुन्हा घ्यायचा तर पहिला बदलला याचा पुरावा लागतो. खपली नाही, हा माझा अंदाज झाला. कालच्या चार विटा मला दाखवा, मी लगेच नवा नमुना घेतो."

"पाचच्या आत?"

"पाचच्या आत."

पारूबाई परात घेऊन आत गेली आणि आतूनच म्हणाली, "ताई, भाकर खाऊन जा. उपाशीपोटी चोर सापडत न्हाई."

३

विटा कधी बदलल्या हे शोधायला अक्कल लागली नाही. शुक्रवारी बारा वाजता टब भरला. साडेबाराला कॉलनीचे अध्यक्ष अमरसिंह यांनी साहेबांना जेवायला नेलं आणि साहेबांच्या मागं सगळी कॉलनी गेली, मीसुद्धा. भरल्या वांग्यांचा वास धारूर रस्त्यापर्यंत येत होता. मुली शाळेत होत्या. दोन वाजेपर्यंत ओसरी मोकळी होती. त्यानंतर पारूबाई टबाशेजारी बसून ज्वारी निवडत होती आणि तिच्या देखत कुणी वीट काय, वाळकं पानही हलवलं नसतं.

त्या दीड तासात पंगतीतून दोघं उठले होते. अमरसिंह फोनवर बोलायला दोनदा बाहेर गेले. आणि सुंदरराव, गुरुजींच्या घराला लागून राहणारे रिटायर कंडक्टर, बायकोला ताट द्यायला घरी गेले, कारण छबुबाईंचे गुडघे धरलेले असतात. शिवाय भट्टीवाल्या बंकटला बोलावलेलं नसताना त्याची बुलेट कॉलनीच्या कमानीपाशी उभी होती. ती मीच पाहिली होती.

आधी अमरसिंहांकडे गेले. पांढरे कपडे, पंचायत समितीवर डोळा, बोलणं खणखणीत.

"अध्यक्ष, विटा बदलल्या कुणीतरी."

"कुणी बदलल्या ते म्हाईत न्हाई. पर फुटल्या ते लई बरं झालं," ते म्हणाले, आणि मला सुपारी पुढं केली.

"बरं कावून?"

"अवो ताई, बंकटवर आमची केस हाय ना, ग्राहक आयोगात. आठ घरांची. त्याचा वकील काय म्हणतो? म्हणतो, त्याच लॉटच्या विटांचं गुरुजींचं घर ठणठणीत उभं हाय, मंग विटा चांगल्या, तुमी बांधकामच खराब केलं. आता गुरुजींचं घर विमा कंपनीनं पास केलं असतं तर त्यो कागद वकिलानं नाचवला असता. आमची केस गेलती समजा."

"मग तुम्हीच बदलल्या का?"

अमरसिंह मनापासून हसले. "मी बदलल्या असत्या तर आतापतूर फ्लेक्स लावला असता, आमच्या अध्यक्षांनी कॉलनी वाचिवली म्हणून. मला गुपचूप काही करायची सवयच न्हाई."

हे मला पटलं. अमरसिंह शिंकले तरी त्याचा फोटो फिरतो. शिवाय दोन्ही वेळा ते फोनवर कुणाला तरी ओरडत होते, ते पंगतीत बसून सगळ्यांनी ऐकलं होतं.

पण त्यांच्या बोलण्यानं माझी पंचाईत झाली. गुरुजींच्या विटा चांगल्या निघाल्या तर अठरा मुली राहतात आणि आठ घरं बुडतात. वाईट निघाल्या तर आठ घरं तरतात आणि मुली जातात. आठही घरं आयुष्याच्या विम्याची माझीच गिऱ्हाइकं होती, आणि मी त्या दोन्हींच्या मधोमध स्कूटीवर बसले होते.

४

बंकटची भट्टी कळंब रस्त्याला आहे. मी गेले तेव्हा तो खाटेवर बसून काकडी खात होता आणि भयंकर चिडलेला होता.

"कुणी केलं हे? नाव सांगा मला," तो म्हणाला. "ती वीट पास व्हायला पायजे होती. माझा वकील वाट बघत बसलाय. मीच माझ्या पायावर धोंडा कशाला पाडून घेऊ?"

"मग तुमची बुलेट कमानीपाशी काय करत होती?"

"बघाय आलतो. माझ्या विटेची परीक्षा हाय म्हटल्यावर येऊ नको का? तुमी समदे जेवाय गेलेले बघून परत गेलो. मला कुणी बोलवलं बी न्हाई." शेवटच्या वाक्याला त्याचा चेहरा खरंच पडला.

बंकट सुटला. त्याचा फायदा विटा टिकण्यात होता. पण मी निघता निघता विचारलं, "शेठ, त्या वर्षीच्या लॉटची एखादी वीट आहे का हो भट्टीवर? नुसती बघायला."

"त्या सालची? तीन पावसाळं झालं, ताई. उघड्यावर राहिलेल्या कवाच्या भुगा..." तो गप्प झाला आणि काकडीकडे बघू लागला. "म्हंजे, संपल्या."

मी स्कूटीवर बसले, पण किल्ली फिरवली नाही. त्याच्या तोंडून निसटलेल्या अर्ध्या वाक्यानं मला उत्तर दिलं होतं.

टबात ज्या चार विटा फुटल्या त्या भिंतीत लागलेल्या नव्हत्या. त्या उघड्यावरही पडलेल्या नव्हत्या, नाही तर पहिल्याच पावसाळ्यात फुटल्या असत्या. म्हणजे त्या चार विटा तीन वर्षं घरात होत्या, कोरड्या, छपराखाली. आता आमच्याकडे घरात विटा कुठं असतात? पलंगाच्या पायांखाली. पलंग उंच झाला की खाली पेटी सरकते, धान्याची गोणी सरकते. चार पायांखाली चार विटा.

आणि जो माणूस पलंगाखालच्या चार विटा काढेल त्याचा पलंग खाली बसेल, पेटी अडकेल, बायको विचारेल. त्याला तिथं दुसऱ्या चार विटा लागणार. हातात आयत्या चार विटा असताना तो त्या ओढ्यात टाकेल का? दुसऱ्या कुठल्या गावचा चोर असता तर टाकल्या असत्या. आमच्याकडे सबंध वीट कुणी टाकत नाही. रस्त्यात पडलेली असली तरी माणूस ती काखेत मारून घरी नेतो, कधीतरी लागेल म्हणून.

मी घड्याळ बघितलं. सव्वाबारा झाले होते, आणि मला आठ घरांतल्या पलंगांवर बसायचं होतं.

५

दुपारभर मी चहा प्यायले.

युक्ती साधी होती. घरात शिरायचं, "हुश्श, लई ऊन" म्हणायचं आणि खुर्ची सोडून थेट पलंगावर बसायचं. भिंतीतली वीट कितीही ठोकून साफ केली तरी तिच्या खाचेत, कडेला सिमेंट चिकटून राहतंच. तशी वीट सपाट बसत नाही. पलंग डुगडुगणारच.

पहिल्या घरी पलंग घट्ट. दुसऱ्या घरी दिवाण होता, त्याला पायच नव्हते. तिसऱ्या घरी मी बसले तर पलंगावर म्हातारबुवा झोपलेले, ते दचकून उठले आणि पॉलिसी नको म्हणाले. अमरसिंहांचा पलंग सागवानी, हत्ती बसला तरी हलणार नाही असा. पाचव्या घरी चहात आलं जास्त होतं. सहाव्या घरी पोहेसुद्धा झाले. सातव्या घरी कुलूप होतं, ते लोक महिन्यापासून पुण्याला होते.

आठवं घर सुंदररावांचं. सुंदरराव आणि गुरुजी रोज संध्याकाळी कॅरम खेळतात, रोज भांडतात. त्यांच्याकडे जायला मला जड जात होतं. खरं सांगते, पहिल्या चहापासूनच मला तिथं जायचं नव्हतं.

छबुबाई पलंगावरच बसल्या होत्या, गुडघ्याला तेल लावत.

"ये गं मनकर्णा. बस. जपून बस जरा, हा पलंग कालपासनं पाळण्यावानी झालाय. कूस बदलली की कुईकुई. ह्यांना म्हनलं बघा जरा, तर म्हणत्यात वय झालं, चक्कर येती तुला."

मी बसले. पलंग डावीकडे कलला, मग उजवीकडे. माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

सुंदरराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. बस थांबवायला हात वर करावा तसा त्यांचा एक हात अर्धा वर गेला होता.

मी खाली वाकले. पलंगाच्या चारही पायांखाली 'बं' छापाच्या विटा होत्या. खाचा सिमेंटनं भरलेल्या. एकीच्या कडेला गिलाव्याचा खपला होता, त्याला पोपटी रंग. कॉलनीत पोपटी भिंती एकाच घरात आहेत. तो रंग अठरा मुलींनी मतं टाकून निवडला होता.

"काका," मी म्हटलं, "किती वाजले?"

"तीन वाजून धा मिनटं," ते म्हणाले. कंडक्टरच्या नोकरीतली सवय. मग ते पलंगाशेजारी जमिनीवरच बसले.

६

"ताट घेऊन घरी आलो," सुंदरराव सांगू लागले. "परत जाताना टब दिसला. ओसरीवर कुणी न्हाई. डोक्यात काय आलं काय म्हाईत. घमेलं घेतलं, ह्या चार तिकडं, त्या चार इकडं. छबु सैपाकघरात जेवत होती."

छबुबाईंचा तेलाचा हात तसाच राहिला.

"कावून केलं, काका? गुरुजींचं वाईट व्हावं म्हणून?"

"न्हाई गं. गुरुजींचं घर तर उभंच हाय. म्हनलं, विमा न्हाई मिळाला तर एक कागद कमी होईल, भिंत थोडीच पडंल. आन् केस गेली तर आमचं काय? बघ ये."

त्यांनी मला न्हाणी दाखवली. भिंतीला पोट आलं होतं, गिलाव्याचे पापुद्रे खाली पडलेले.

"छबु आत गेली की मी भाईर उभा राहतो," ते म्हणाले. "भिंत हालली तर तिला वढायला. तीन सालं झाली. गाव म्हणतं, सुंदररावाचं बायकोवर लई प्रेम."

मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. मी त्यांना विम्याचा कागद कशासाठी हवा होता ते सांगितलं. बुधवारचे ट्रक, अठरा मुली, राजनंदिनीची दहावी. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. गुरुजींनी कॅरम खेळताना कधी आपलं रडगाणं गायलं नव्हतं.

 सुंदररावांनी खुंटीवरची टोपी घेतली, चारही विटा घमेल्यात भरल्या आणि डोक्यावर घेतल्या. मी धरू लागले तर म्हणाले, "राहू दे. नेताना एकट्यानं नेल्या, आणताना बी एकटाच आणतो."

गुरुजींच्या ओसरीवर त्यांनी रविराज साहेबांसमोर घमेलं ठेवलं आणि सगळ्या कॉलनीच्या देखत सांगितलं, "मी बदलल्या. माझं नाव लिहा."

गुरुजी पुढं आले. वाटलं आता काहीतरी कडक बोलतात. ते म्हणाले, "सुंदरराव, तुला इतकी भीती वाटत होती तर न्हाणीला आमच्याकडं यायला काय झालतं?"

यावर सुंदररावांना रडू फुटलं.

साहेबांनी विटा तपासल्या, पोपटी खपला भिंतीतल्या भोकाला लावून पाहिला. पहिला नमुना रद्द असं लिहिलं, सुंदररावांचा जबाब जोडला. त्यावर पुढं काय करायचं ते कंपनी ठरवील म्हणाले. कंपनीनं पुढं सुंदररावांना खरमरीत ताकीद दिली, तेवढ्यावर भागलं. मग साहेबांनी भिंतीतून स्वतःच्या हातानं नव्या चार विटा काढल्या, टबात बुडवल्या आणि टबाशेजारी खुर्ची टाकून बसले. जेवायलासुद्धा उठले नाहीत, ताट तिथंच मागवलं.

सगळे पांगले, पण कुणी खूश नव्हतं. अमरसिंह मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, उद्या विटा टिकल्या तर आमी आठजण मेलो म्हणायचं."

खरं होतं ते. मी चुलीपाशी पारूबाईजवळ जाऊन बसले. ती भाकरी थापत होती. तिला मी एक प्रश्न विचारला, जो तीन वर्षांत कॉलनीतल्या कुठल्याच माणसानं तिला विचारला नव्हता. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि उत्तर दिलं.

ते ऐकून मी बाहेर आले आणि बंकटला फोन लावला. "शेठ, उद्या दुपारी या. तुमच्या विटेची परीक्षा परत आहे. या वेळी बोलावणं आहे बरं का."

७

रविवारी दुपारी बंकट पेढ्यांचा पुडा घेऊन आला. वकिलालाही आणलं होतं. रविराज साहेबांनी टबातून एकेक वीट काढली, पाणी निथळलं, फरशीवर आपटून बघितली. चारही सबंध. एकीलाही चीर नाही.

आठ घरांची माणसं खाली बघत होती.

"बघा," बंकट म्हणाला. त्यानं पहिला पेढा साहेबांना दिला, दुसरा वकिलाला. "माझी वीट हाय ही."

"पण शेठ," मी म्हटलं, "ही त्याच लॉटची कशावरून? गुरुजींना तुम्ही दुसऱ्या भट्टीची चांगली वीट दिली असेल."

"काय बोलता, ताई? त्याच लॉटची. माझाच छाप हाय. लिहून देतो."

"द्या."

वकिलानं त्याची बाही ओढली, पण बंकट रंगात आला होता. साहेबांच्या कागदावर त्यानं ऐटीत लिहून दिलं, की गुरुजींच्या आणि बाकी आठ घरांच्या विटा एकाच भट्टीच्या, एकाच लॉटच्या. खाली सही केली.

"आता पारूआक्का," मी म्हटलं, "काल चुलीपाशी जे सांगितलंत ते सगळ्यांना सांगा. तुमच्याच भिंती कशा राहिल्या?"

पारूबाई पदराला हात पुसत पुढं आली. आधी हे सांगायला हवं, की गुरुजींचं शिक्षण पुरं होईतो या बाईनं बारा वर्षं लोकांच्या बांधकामावर विटा वाहिल्या होत्या. गुरुजींची नोकरी परगावी होती, तेव्हा हे घरही तिनंच उभं राहून बांधून घेतलं.

"त्यात काय सांगायचं?" ती म्हणाली. "विटा भिजिवल्या. एक दिस एक रात, हौदात. भिजिवल्याबिगर वीट कोण लावतंय? फुटायच्या त्या हौदातच फुटल्या. टिकल्या त्या लावल्या."

"टँकरचं पाणी होतं त्या साली," अमरसिंह म्हणाले. "आमच्या गवंड्यांनी पाईपनं वरनं शिंपडलं नुसतं."

"मलाबी टँकरच हुता. हौदातल्याच पाण्यात माल कालवला. वाया कुठं जातंय?"

रविराज साहेब खुर्चीवरून उठले. "म्हणजे खड्याची वीट पाण्यात आधीच फुटून बाजूला पडली. भिंतीत गेली ती निवडलेली. आणि बाकी आठ घरांत न निवडता गेली."

"किती फुटल्या होत्या, आक्का?" मी विचारलं.

"लई. ह्या अंगणात भर घातलीया त्यांचीच. खणून बघा. मी ह्या बंकटला निरोप धाडला, तुझ्या विटा फुटत्यात म्हणून. भला माणूस, दुसऱ्या दिवशी दुसरी ट्रॉली धाडली. वर चिठ्ठी."

"कसली चिठ्ठी?" वकील म्हणाला. त्याचा पेढा अर्धाच खाऊन झाला होता.

पारूबाई आत गेली आणि देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या घराच्या कागदांच्या पिशवीतून एक चिठ्ठी घेऊन आली. बंकटचंच अक्षर. 'गुरुजींच्या घरी फुटक्या विटांबद्दल एक ट्रॉली बदली देणे. बाकी लोकांत बोलू नये ही विनंती.' खाली तारीख, तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली.

"मला वाटलं, समद्यांनाच बदलून दिल्या आसतील," पारूबाई म्हणाली. "शेवटची वळ मी तवा वाचली न्हाई, नुसती ट्रॉली बघितली."

"आक्का, तुम्ही आधी कावून न्हाई बोललात?" सुंदरराव म्हणाले.

"बोललते की. पहिल्याच मीटिंगीत. म्हनलं, तुमी विटा भिजिवल्या न्हाईत. तर अध्यक्ष म्हणाले, आक्का, चहाचं किती वेळ?"

अमरसिंह फरशीकडे बघू लागले. मीही त्या मीटिंगीत होते, पॉलिसीचे फॉर्म घेऊन. चहाचा पहिला कप मीच उचलला होता. एकोणीस वर्षं लोकांच्या घरात बसून त्यांचं ऐकणं हा माझा धंदा, आणि जे ऐकायचं ते मी तीन वर्षं ऐकलं नव्हतं. मला स्वतःचाच राग आला.

वकील बंकटच्या कानाशी लागला. आता विटा चांगल्या म्हणायची सोय राहिली नव्हती. त्या वाईट होत्या हे त्याला तेव्हाच माहीत होतं, ही त्याची चिठ्ठी सांगत होती, आणि लॉट एकच हे त्यानं नुकतंच लिहून दिलं होतं. बंकटनं पेढ्याचा पुडा बांधून खाली ठेवला.

"किती भिंती?" त्यानं शेवटी विचारलं.

"बसून बोलू," अमरसिंह म्हणाले. "पण आक्का बसल्याशिवाय न्हाई."

८

सोमवारी बैठक झाली. बंकटनं आठ घरांच्या खराब भिंती स्वतःच्या खर्चानं बांधून द्यायचं कबूल केलं, नव्या मातीच्या विटांनी. सुरुवात सुंदररावांच्या न्हाणीपासून. देखरेख पारूबाईची, आणि तिची अट एकच, वीट हौदातून निघाल्याशिवाय भिंतीला लागणार नाही. रविराज साहेबांनी सांगितलं, एकेक घर झालं की मला बोलवा, मी टब घेऊन येतो. विटा टिकल्या की त्या घराचाही विमा होईल.

गुरुजींच्या विम्याचा कागद मंगळवारी दुपारी आला. मी तो गुरुजींना दिला नाही, थेट परवानगीच्या कचेरीत नेला, शिक्का घेतला आणि मगच घरी जेवले.

बुधवारी सकाळी सहाला कमानीपाशी ट्रक लागले होते. भांडी, कोयते, शेळ्या, तान्ही लेकरं, सगळं वर चढत होतं. मी स्कूटी लावली तेव्हा राजनंदिनीही ट्रकात बसलेली दिसली, फळीला टेकून, मांडीवर दप्तर. कागद आल्याचा निरोप तिच्या बापापर्यंत पोचलाच नव्हता.

मी त्याला शिक्क्याचा कागद दिला. त्यानं तो उलटा धरला, सुलटा केला, मग माझ्याकडे बघितलं.

"ह्याच्यात काय लिवलंय, ताई?"

"हे घर पक्कं आहे असं लिहिलंय. आणि काही झालंच तर कंपनी जबाबदार आहे असं लिहिलंय."

त्यानं मान डोलावून कागद मला परत दिला. राजनंदिनीची आई तोवर कधी ट्रकावर चढली ते मला कळलंच नाही. तिनं सामानाच्या ढिगात हात घालून पोरीची वळकटी ओढून काढली आणि खाली पारूबाईच्या हातात टाकली. मग तिनं पोरीच्या काखेत हात घालून तिला फळीवरून खाली सोडली, लहान लेकराला सोडतात तशी.

"परीक्षेला डबा देत जा तिला," ती वरूनच पारूबाईला म्हणाली. "भाकर कडक झाली की ती खात न्हाई."

ट्रक सुरू झाला. राजनंदिनी वळकटी घेऊन पारूबाईच्या मागं पोपटी घरात गेली, आणि बाकीच्या सतरा मुली आंघोळीच्या रांगेत भांडत होत्या.